दुकानाचं वर्ष नक्की कधी संपतं?

मार्च आला की दुकानात स्टॉक मोजायची आणि सीएकडे बिलं पोचवायची धावपळ सुरू होते. पण वर्ष ३१ मार्चलाच का संपतं?

आपल्याकडच्या कितीतरी व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीला बदलायचं. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा, आणि पाडव्यापासून विक्रम संवताचं नवं वर्ष. यात नुसती श्रद्धा नव्हती बरं का! पावसाळा संपलेला, खरिपाचं पीक हाती येत असलेलं, गावात पैसा फिरू लागलेला. उधारी वसूल करून जुनं खातं मिटवायला याहून चांगली वेळ कुठली?

सरकारचं वर्ष मात्र वेगळं. इंग्रजांच्या राज्यात ते १ मेला सुरू व्हायचं. १८६७ मध्ये ते १ एप्रिलवर आणलं, ब्रिटनच्या सरकारी वर्षाशी जुळावं म्हणून!

तरी स्वातंत्र्यानंतरही आयकरासाठी दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवायची मुभा होती. ती गेली १ एप्रिल १९८९ पासून. सगळ्यांचं वर्ष एकच झालं.

सरकारची सोय झाली. पण गावातलं गिऱ्हाईक आजही पीक विकल्यावरच उधारी फेडतं. जीएसटी मात्र बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे आले नसले तरी. या दोन वर्षांच्या मधल्या फटीत छोटा दुकानदार अडकतो.

म्हणून मला वाटतं, १ एप्रिलला बिलांचे नंबर नव्याने सुरू करा, पण दिवाळीत वहीला नुसतं हळदकुंकू वाहू नका. त्याच दिवशी उधारीची यादीही काढा.