पावती फाडावी की नाही?
(गाडी सोडणाऱ्यांच्या संघटनेचा जमाखर्च)

बऱ्हाणपूरचे रेल्वे स्टेशन गावापासून जरा दूर, लालबागेत आहे. रात्री गाव झोपले की तिकडची शिट्टी थेट घरापर्यंत ऐकू येते. गाडी कोण चालवतो हे आपल्याला ठाऊक असते. गाडी सोडतो कोण, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. एका अंगाला वाघोडा-रावेर, दुसऱ्या अंगाला असीरगड रोड-नेपानगर; पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही, हा या मार्गाचा जुना शिरस्ता. या सगळ्या स्टेशनांना एका सूत्रात बांधणारा सेक्शन कंट्रोलर बसतो भुसावळला. राज्याची सीमा रावेर आणि बऱ्हाणपूर यांच्यामधून गेली, पण रेल्वेचा भुसावळ विभाग तिला जुमानत नाही. म्हणूनच आपल्याकडच्या कितीतरी घरांत ‘संप’ आणि ‘हडताल’ हे दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने वावरतात.

आकाशात विमानांना वाट दाखवणारा हवाई वाहतूक नियंत्रक आणि जमिनीवरचा हा कंट्रोलर, हे दोघे एकाच जातकुळीचे. हातात ना यंत्राचा दांडा, ना चाक. असते ते केवळ लक्ष. ते क्षणभर ढळले तर माणसे मरतात, आणि या मंडळींनी काम थांबवले तर सारेच थांबते. अशा नोकरीत मुलगा लागला की घरात एक प्रश्न निघतोच : युनियनची पावती फाडावी की नाही? वडील म्हणतात, ‘कशाला नसती भानगड?’ काका म्हणतात, ‘एकट्याचे ऐकतो कोण?’ या मार्गाचा इतिहास पाहिला तर दोघांचेही म्हणणे खरे ठरते.

काकांच्या बाजूने पहिला पुरावा कामाच्या तासांचा. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या आधारे आलेल्या नियमांत सलग कामाच्या नोकरांना आठवड्याला ६० तास आणि अधूनमधून काम असणाऱ्यांना ८४ तास अशी मर्यादा होती. पुढे १९४६ मध्ये अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनने देशव्यापी संपाचा इशारा दिला. संप झाला नाही. वाद न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्याकडे निवाड्यासाठी गेला. पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले ते हेच राजाध्यक्ष. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने सलग कामाचे तास ५४ आणि अधूनमधूनच्या कामाचे ७५ झाले. ज्या कामात मनाला उसंतच नाही, त्याचा ‘इंटेन्सिव्ह’ असा निराळा वर्ग करून त्याला ४५ तासांची मर्यादा घातली. अंगमेहनतीचा थकवा डोळ्यांना दिसतो; लक्ष देण्याचाही थकवा असतो, हे या निवाड्याने कागदावर मान्य केले. कुणा एकट्या कंट्रोलरने अर्ज करून हे मिळाले असते, असे कोण म्हणेल?

दुसरा फायदा लहान दिसतो, पण घराला तो फार मोठा. अपघात झाला की बोट बहुधा ड्यूटीवरच्या माणसाकडे वळते. खात्याच्या चौकशीत आरोप ठेवलेल्याला साहाय्यक घेता येतो, आणि तो मान्यताप्राप्त युनियनचा पदाधिकारीही असू शकतो. नियम पाठ असलेला माणूस त्या खोलीत शेजारी बसलेला असणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली तोच जाणे.

आता वडिलांची बाजू. तिचा आरंभ याच मार्गावर झाला. आपला मार्ग तेव्हा जी. आय. पी. रेल्वेच्या कारभाराखाली होता आणि निमाड जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. त्याच नागपूरचे आर. एस. रुईकर जी. आय. पी. रेल्वेमेन्स युनियनचे पुढारी. ४ फेब्रुवारी १९३० पासून या युनियनचा संप सुरू झाला. एप्रिलमध्ये कायदेभंगाच्या वातावरणात मुंबईकडे कामगार लाल झेंडे घेऊन रुळांवर आडवे झाले. एवढे करूनही संप मोडला, आणि कामावर परत न घेतलेल्यांचा प्रश्न मागे उरला. पुढाऱ्यांतली फूटही त्या काळात लपून राहिली नाही.

मग आला १९७४ चा संप. आपल्यापैकी ज्येष्ठांना तो आठवत असेल. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजी अटक झाली, ८ मे रोजी संप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेण्याचा निर्णय झाला. जवळजवळ १७ लाख रेल्वे कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता. मागण्यांत बोनस होता, आठ तासांचा दिवस होता. सरकारने भारत संरक्षण नियम आणि मिसा वापरले. हजारो तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढल्याचे प्रकार घडले. संपाचा निर्णय सभेत होतो. पण क्वार्टर सोडायची पाळी आली की भांडीकुंडी आवरते ती घरची बाई. तिचे मत कुणी विचारलेले नसते.

पण हिशेब तिथेच मिटत नाही. १९७७ मध्ये सरकार बदलले, प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत घेतले गेले. १९७९ मध्ये उत्पादकतेशी जोडलेला बोनसही मिळाला. दिवाळीच्या तोंडावर रेल्वेच्या घरांत येणारी ती रक्कम हरलेल्या म्हटल्या गेलेल्या संपाचे उशिरा आलेले फळ आहे. मात्र हे फळ सरकार बदलले म्हणून पदरात पडले, एवढे विसरू नये.

सरकार बदलत नाही तेव्हा काय होते, ते अमेरिकेत दिसले. तिथल्या हवाई नियंत्रकांच्या ‘पॅटको’ या संघटनेने १९८० च्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. ३ ऑगस्ट १९८१ रोजी सुमारे १३ हजार नियंत्रकांनी संप केला. कमी तास आणि अधिक पगार या मागण्या होत्या. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ५ ऑगस्टला ११,३४५ जणांना काढून टाकले. सरकारी नोकरीत त्यांना पुन्हा घेण्यावरची बंदी उठली ती १९९३ मध्ये. विमाने मात्र पर्यवेक्षक आणि लष्करी नियंत्रक यांच्या जोरावर, संख्या घटवून का होईना, उडत राहिली. गंमत अशी, की कामाचा ताण होता तसाच राहिल्यामुळे नव्या नियंत्रकांनी १९८७ मध्ये पुन्हा संघटना उभारली. संघटना मोडता आली, तिची गरज मोडता आली नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले, की संघटना करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क आपोआप येत नाही. पावती फाडणे आणि संपावर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून सामान्य सभासदानेही ध्यानात घ्यावे.

आणखी एक नोंद जमाखर्चात हवी. फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मार्गावरच्या मनमाडला जी. आय. पी.च्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. आंबेडकरांनी तिथे दाखवून दिले, की हा कामगार गँगमन म्हणूनच कुजतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचेही काम करून घेतो आणि तिथे शिवाशिव आडवी येते. ‘कामगार सारे एक’ म्हणणाऱ्या युनियनना हे दिसत नव्हते. तरीही त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर बंधने आणणाऱ्या मुंबईच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, ते कामगारांच्या एक दिवसाच्या संपात उतरले. संघटनेतले दोष दाखवणे आणि संघटना नाकारणे यांत अंतर आहे, हे त्यांच्या त्या एका वर्षातून शिकता येते.

तेव्हा घरातल्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर : पावती फाडावी. पण फाडून खिशात ठेवून देऊ नये. सभेला जावे, तासांचा, विश्रांतीचा, रिकाम्या जागांचा प्रश्न अपघाताआधी लावून धरावा. आपल्या खालच्या माणसाला तिथे बोलायला मिळते का, ते पाहावे. संपाचा ठराव आला तर हात वर करण्याआधी घरी विचारावे, कारण सारे थांबवू शकणाऱ्याच्या संपावर घाव सर्वांत आधी पडतो. १९४७ चा निवाडा इशाऱ्याने मिळाला, १९७४ चा बोनस नोकऱ्या आणि तुरुंग यांच्या मोलाने. दोन्हींमागे संघटना होती, पण किंमत एक नव्हती.

लालबागेचा स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. त्याच्या संघटनेनेही संप पुकारण्यापूर्वी आपल्या सभासदाच्या घराला तेवढे विचारावे, इतकीच अपेक्षा.