लट्टलूरची गरुडमुद्रा आणि लिनक्सची किल्ली

१/ ९व्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या शिलालेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ ही पदवी आढळते. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर. खऱ्या-खोट्याची जी शहानिशा त्यांच्या ताम्रपटांना करावी लागे, तीच आज लिनक्सच्या संगणकाला करावी लागते.

२/ दानाचा मजकूर बहुधा तीन पत्र्यांवर कोरला जाई. त्यांना पाडलेल्या भोकांतून कडी ओवून तिचा सांधा राजमुद्रेखाली बंद करीत. मुद्रेवर बहुधा गरुड असे. कडी न तोडता पत्रा बदलता येऊ नये, हा हेतू. तरीही बनावट ताम्रपट झालेच. म्हणून संशोधक केवळ मुद्रेवर विसंबत नाहीत. लिपीचे वळण, तिथी-वार आणि वंशावळही ताडून पाहतात.

३/ १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. खासगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने कुणीही ती पडताळायची. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या ‘पीजीपी’ने ही सोय सामान्य संगणकांवर आणली.

४/ नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या काही सर्व्हरांत घुसखोरी झाली. पॅकेजांचा संग्रह शाबूत राहिला, पण धोका उघड झाला. २००७ च्या ‘एच’ आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ सही तपासू लागले. ‘रिलीज’ फाइलवर एक सही. तिच्यात सूच्यांचे हॅश, सूच्यांत पॅकेजांचे हॅश. सर्व पत्र्यांतून गेलेली एकच कडी!

५/ त्रुटींचे अर्थ मात्र निरनिराळे. ‘नो पबकी’: सही आहे, ती ताडण्याची किल्ली संगणकाकडे नाही. ‘एक्सपकीसिग’: किल्लीची मुदत संपली, प्रकाशकाकडून नवी प्रत घ्यावी. ‘बॅडसिग’: मजकूर आणि सही जुळत नाहीत. कारण अर्धवट उतरलेली फाइल असेल किंवा फेरफार; सूच्या पुसून पुन्हा उतरवाव्यात, तरीही न जुळल्यास थांबावे.

६/ जुन्या ‘ॲप्ट-की’ आज्ञेत मोठी उणीव होती. तिने जोडलेली कुठलीही किल्ली सर्वच भांडारांसाठी ग्राह्य ठरे. जणू एका गावच्या पाटलाचा शिक्का साऱ्या मुलखात चालावा. म्हणून ती कालबाह्य ठरली. आता किल्ली स्वतंत्र फाइलीत ठेवून ‘साइन्ड-बाय’ने एकाच भांडाराशी बांधतात. त्या फाइलीचा मार्ग चुकला किंवा ती वाचण्याची परवानगी नसली, तरी ‘नो पबकी’ दिसते.

७/ त्रुटी टाळण्यासाठी ‘ट्रस्टेड=येस’ लिहिणे म्हणजे मुद्रा न पाहताच दानपत्र मान्य करणे. योग्य वाट एवढीच: किल्ली प्रकाशकाच्या अधिकृत ठिकाणाहून घ्यावी आणि तिचा फिंगरप्रिंट दुसऱ्या विश्वासू मार्गाने ताडावा. मुद्रा ओळखायची, तर अस्सल मुद्रेचा नमुना आधी हाती हवा.