इचलकरंजी : वस्त्रोद्योगातून नगरविकास

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेकाठी वसलेले यंत्रमागाचे शहर. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये येथे पहिला यंत्रमाग बसवला. गाव वाढले ते मोठ्या गिरणीमुळे नव्हे, तर घराघरांतल्या, छोट्या शेडमधल्या मागांमुळे. मालकी अशी विखुरलेली राहिली, हे या विकासाचे खरे बळ. पुढे सहकारी सूतगिरण्या आणि सहकारी बँकांनी सूत व भांडवल हाताशी आणून दिले. दत्ताजीराव कदम यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेने 1982 मध्ये वस्त्र-अभियांत्रिकीचे महाविद्यालय काढल्यावर तंत्रज्ञही इथेच घडू लागले.

अनेक लहान मागधारक ‘खर्ची’वर विणतात. व्यापारी सूत देतो, कापडही त्याचेच; मागधारकाला मिळते ती पिकामागे (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) ठरलेली मजुरी. सुताचे भाव पडले-चढले की मागणी आटते आणि मजुरीवर घाव बसतो. या पद्धतीत जोखीम खालच्या माणसावर ढकलली जाते, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे. सायझिंगचे (खळ दिलेल्या ताण्याचे) बीम, वहिफणी (ताण्याचे धागे ओवणे), कांड्या भरणे, जॉबरने (माग-कारागिराने) करायची दुरुस्ती अशा कामांची साखळी एका मागामागे उभी असते. माग थांबला की तीही थांबते.

अलीकडे एअरजेट, रॅपिअर असे धोटाविरहित माग आले. त्यांची किंमत लहान मागधारकाच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रोसेसिंगच्या सांडपाण्याने होणारे पंचगंगेचे प्रदूषण आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई हे जुने प्रश्न कायम आहेत. 2022 मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली.