कलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची निवड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अभ्यासक्रमाची पुनर्रचना होते तेव्हा प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रासाठी कोणते पुस्तक नेमावे, हा प्रश्न बहुधा बैठकीच्या अखेरीस येतो आणि जुनीच यादी पुढे चालवून निकालात निघतो. परंतु गणिताच्या पदवी अभ्यासात विद्यार्थी टिकणार की गळणार, हे पुष्कळ अंशी याच पुस्तकावर अवलंबून असते. या निवडीचा इतिहास तीन शतकांचा आहे. त्यातील काही निर्णायक प्रसंगांचा परामर्श घेऊन आजच्या अध्यापकास त्यातून कोणते निकष मिळतात, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभीचे ग्रंथ

अवकलनाचे पहिले छापील पाठ्यपुस्तक लोपिताल यांनी १६९६ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केले. त्याचा बराचसा आशय योहान बेर्नुली यांनी त्यांना दिलेल्या पाठांतून आलेला होता. १७४८ मध्ये मारिया अन्येसी यांनी बीजगणितापासून समाकलनापर्यंतचा विषय इटालियन तरुणांसाठी त्यांच्याच भाषेत, लॅटिनमध्ये नव्हे, सुसंगतपणे मांडला. या दोन्ही ग्रंथांचे महत्त्व नव्या शोधांत नाही. विखुरलेले ज्ञान कोणत्या क्रमाने सांगितले म्हणजे नवशिक्याला ते पेलेल, याचा विचार त्यांत आहे. पाठ्यपुस्तकाचे खरे काम तेच होय.

केंब्रिज : पुस्तक आणि परीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिज न्यूटनच्या टिंबांच्या चिन्हपद्धतीला चिकटून होते. युरोप खंडात मात्र लायब्निट्सची चिन्हे वापरून विश्लेषण बरेच पुढे गेले होते. १८१२ मध्ये बॅबेज, हर्शेल, पीकॉक आदी विद्यार्थ्यांनी ॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली आणि १८१६ मध्ये लाक्र्वा यांच्या लहान ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. लाक्र्वा यांनी सीमेच्या कल्पनेवर विषय उभारला होता. भाषांतरकारांचा ओढा मात्र लाग्रांझ यांच्या बैजिक श्रेढीपद्धतीकडे होता आणि आपली नापसंती त्यांनी टिपांसह नोंदविली. पुढील शतकाचा कौल सीमेच्याच बाजूने लागला. मूलभूत भूमिकेशी मतभेद असतानाही शिकविण्यास सोयीचे पुस्तक म्हणून त्यांनी तेच निवडले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पण केवळ भाषांतराने अध्यापन बदलले नाही. १८१७ मध्ये पीकॉक परीक्षक झाले व त्यांनी प्रश्नपत्रिकेत नवी चिन्हे आणली. १८२० मध्ये या मंडळींनी उदाहरणांचे संग्रह छापले. पुस्तक, प्रश्नपत्रिका आणि उदाहरणसंग्रह अशी तिन्ही अंगे जुळली, तेव्हाच सुधारणा रुजली.

काटेकोरपणा कोणासाठी ?

पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये कोशी यांनी १८२१ मध्ये विश्लेषणाचा पाठ्यक्रम प्रसिद्ध करून सीमा, सातत्य आणि श्रेढींचे अभिसरण यांना तर्कशुद्ध पाया दिला. अभियंते घडविणाऱ्या त्या संस्थेच्या व्यवस्थापनास मात्र हा काटेकोरपणा अतिरिक्त वाटला; उपयोजनास अधिक वेळ द्यावा, असा आग्रह सुरू झाला. शिवाय त्याच ग्रंथात सतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची बेरीज सततच असते, असे एक विधान होते. ते सर्वत्र खरे नाही, हे आबेल यांनी १८२६ मध्ये उदाहरणाने दाखविले. तात्पर्य, युगप्रवर्तक ग्रंथही चिकित्सेवाचून वर्गात नेता येत नाही.

हाच वाद इंग्लंडमध्ये दोन पुस्तकांच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. ट्रायपॉसची तयारी युक्त्या आणि वेग यांवर भर देई. हार्डी १८९८ मध्ये त्या परीक्षेत चौथे आले. विश्लेषणाची खरी ओळख त्यांना झाली ती मात्र प्राध्यापक लव्ह यांनी सुचविलेल्या जॉर्डां यांच्या फ्रेंच ग्रंथातून. एका अध्यापकाने योग्य वेळी नाव सांगितलेल्या पुस्तकाचे हे फळ होते. हार्डींनी १९०८ मध्ये शुद्ध गणिताचा पाठ्यक्रम लिहिला तो तयारीच्या, गुणवान प्रथमवर्षीय विद्यार्थ्यांसाठी. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, फिन्सबरी येथील तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्य सिल्वानस थॉम्पसन यांनी ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. त्यात सीमेची चर्चा टाळून अत्यल्प राशींच्या साहाय्याने विषय थेट हाती दिला आहे. ही पुस्तके परस्परांची प्रतिस्पर्धी मानणे चूक ठरेल. त्यांचे वाचकच भिन्न आहेत.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

दिल्लीचे गणितशिक्षक रामचंद्र यांनी १८५० मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनाऐवजी बीजगणिताने सोडविले. त्यांना भारतीय बीजगणिताच्या परंपरेशी नाते जोडावयाचे होते. डी मॉर्गन यांनी त्याचे मोल ओळखून १८५९ मध्ये तो लंडनमध्ये पुन्हा छापविला. महाराष्ट्रात बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहून हा विषय मराठीत आणण्याचा प्रयत्न त्याही आधी केला होता. पुढे १८९९ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजमध्ये सर्वप्रथम आले आणि परतून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. परंतु उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी राहिल्याने जांभेकरांची वाट पुढे फारशी चालली गेली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात शांतिनारायण यांची अवकलन व समाकलनावरील पुस्तके अनेक विद्यापीठांत प्रचलित झाली. मोजकी उपपत्ती, सोडविलेली उदाहरणे आणि विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांतील गणिते ही त्यांची बलस्थाने. ग्रंथालये तुटपुंजी असलेल्या महाविद्यालयांना त्यांनी मोठा आधार दिला. पण परीक्षेपुरतेच वाचण्याची सवयही या मांडणीतून बळावली. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील सुधीर घोरपडे व बालमोहन लिमये यांनी २००६ मध्ये लिहिलेले पुस्तक कलन आणि वास्तव विश्लेषण यांतील दरी सांधते. आपल्याच परिसरात स्वतंत्र पाठ्यग्रंथ घडू शकतो, याची ती साक्ष आहे.

निष्कर्ष

या इतिहासातून चार निकष हाती येतात. पहिला, पुस्तक कोणासाठी, हे आधी ठरवावे. गणित विशेष विषय घेणारा आणि रसायनशास्त्रासाठी कलन शिकणारा यांना एकच पुस्तक क्वचितच पुरते. दुसरा, सीमेची संकल्पना लेखकाने कोठे व किती काटेकोरपणे मांडली आहे, हे स्वतः वाचून पाहावे. तिसरा, नेमलेले पुस्तक आणि प्रश्नपत्रिका यांचा मेळ हवा. अन्यथा विद्यार्थी पुस्तक सोडून मार्गदर्शिकेकडे वळतो, आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. चौथा, भाषेचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजी आणि नवी संकल्पना असे दोन डोंगर एकाच वेळी उभे राहतात. अशा वर्गासाठी सोप्या वाक्यांचे इंग्रजी पुस्तक आणि त्याच्या जोडीला अध्यापकांनी तयार केलेली मराठी परिभाषेची टिपणे, ही निवड एखाद्या विख्यात परदेशी ग्रंथापेक्षा अधिक न्याय्य ठरेल.

सर्वोत्तम पुस्तक असे काही स्वयंसिद्ध नसते. विशिष्ट वर्गासाठी योग्य पुस्तक असते, आणि ते शोधणे हा अध्यापनाचाच भाग आहे.