बेडकाच्या जखमा का चिघळत नाहीत?

रोगप्रतिकारशक्तीचा पाठ शिकवताना आपण सहसा देवीच्या लसीपासून सुरुवात करतो. जेन्नर, पाश्चर, मग पांढऱ्या पेशी, शेवटी प्रतिपिंडे असा क्रम ठरलेला असतो. अशा वेळी वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने विचारले, "सर, झुरळाला कोण लस टोचतं?" तर? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. तरीही गटारात, शेणात, कुजक्या फळांवर ते पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. ते जगतात कशाच्या जोरावर? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. त्या शोधाची हकिगत आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

सुरुवात १८८२ साली इटलीतील मेसिना येथे झाली. एली मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. काही तासांनी पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. उपऱ्याला गिळंकृत करणाऱ्या पेशी ही कल्पना तेथून पुढे आली. दुसऱ्या बाजूला जर्मनीत पॉल एर्लिख आणि इतर संशोधक रक्तद्रवातील प्रतिपिंडांवर भर देत होते. १९०८ साली नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि एर्लिख या दोघांना विभागून मिळाले. पण एक प्रश्न तसाच राहिला. पेशी जिवाणूला गिळते खरी, पण गिळल्यावर मारते कशाने?

१९२२ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नाकातला शेंबूड, अश्रू आणि अंड्यातला पांढरा बलक यांत काही जिवाणूंना विरघळवणारे विकर असल्याचे दाखवले आणि त्याला 'लायसोझाइम' हे नाव दिले. शरीर स्वतःच जंतुनाशक पदार्थ बनवते याचा हा सरळ पुरावा होता. मात्र बहुतेक घातक रोगजंतूंवर लायसोझाइमचा फारसा प्रभाव पडत नव्हता. पुढे फ्लेमिंग यांनाच १९२८ साली पेनिसिलीन सापडले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत सगळ्यांचे लक्ष बुरशीकडे आणि मातीतल्या जिवाणूंकडे वळले. औषध बाहेर सापडत असताना शरीराच्या आत शोधायचे कोणी?

तरी काही जण शोधत राहिले. १९६०च्या दशकात झेया आणि स्पिट्झनागेल या संशोधकांनी गिनीपिगच्या पांढऱ्या पेशींतून जिवाणू मारणारी, धनविद्युतभार असलेली लहान प्रथिने वेगळी काढली. या कामाची तेव्हा म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

खरी कलाटणी दिली ती स्वीडनमधील हान्स बोमन यांनी. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माशीला आधी निरुपद्रवी जिवाणू टोचले, तर नंतर टोचलेल्या जिवाणूंचा ती चटकन निकाल लावते, असे त्यात दिसले. पण माशी एवढीशी, तिच्यातून रसायन काढणार किती? म्हणून बोमन यांनी उत्तर अमेरिकेतील सेक्रोपिया हा मोठा पतंग निवडला. आपल्या विदर्भातील टसर रेशमाच्या किड्याच्याच कुळातला हा प्राणी. त्याचा कोश हिवाळाभर सुप्तावस्थेत असतो आणि त्या काळात शरीरात प्रथिननिर्मिती जवळजवळ थंडावलेली असते. साहजिकच जिवाणू टोचल्यावर जी नवी प्रथिने तयार होतात, ती चटकन उठून दिसतात. प्रयोगासाठी योग्य प्राणी निवडणे हे किती महत्त्वाचे असते, याचा हा नमुनाच म्हणायला हवा. १९८१ साली या गटाने दोन रेणूंची रचना जाहीर केली आणि पतंगाच्या नावावरून त्यांना 'सेक्रोपिन' म्हटले. त्यातला एक केवळ ३७ अमिनो आम्लांची साखळी होता. अशा आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात.

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट लेहरर यांच्या गटाने माणसाच्या पांढऱ्या पेशींत अशीच पेप्टाइडे असल्याचे दाखवले आणि त्यांना 'डिफेन्सिन' असे नाव पडले. मेच्निकॉफच्या वेळचा प्रश्न अशा रीतीने शंभर वर्षांनी सुटू लागला.

आता शीर्षकातल्या बेडकाकडे वळू. आफ्रिकेतला नख्यांचा बेडूक, म्हणजे झेनोपस, प्रयोगशाळांच्या चांगलाच परिचयाचा होता. १९३०च्या दशकापासून गर्भधारणेच्या चाचणीसाठी आणि पुढे भ्रूणविकासाच्या अभ्यासासाठी तो जगभर पाळला जाई. मायकेल झॅसलॉफ हे अमेरिकेतील बेथेस्डा येथे या बेडकाच्या अंड्यांवर काम करीत. अंडाशय काढण्यासाठी मादीचे पोट चिरायचे, टाके घालायचे आणि तिला पुन्हा गढूळ पाण्याच्या टाकीत सोडायचे, हा नित्याचा क्रम होता. त्या पाण्यात जिवाणूंना तोटा नव्हता. तरी जखमा न चिघळता भरत. कितीतरी प्रयोगशाळांत हे रोज घडत होते. झॅसलॉफ यांनी मात्र थांबून विचारले, असे का? त्यांनी कातडीतून २३ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे वेगळी केली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना 'मॅगेनिन' हे नाव देण्यात आले.

ही ढाल काम कशी करते? जिवाणूच्या पटलाच्या बाहेरच्या बाजूला ऋणभार असतो. पेप्टाइडावर धनभार असतो, म्हणून ते तेथे ओढले जाते. त्याची एक बाजू पाण्यात रमणारी आणि दुसरी तेलात रमणारी असते. ही दुसरी बाजू पटलाच्या स्निग्ध थरात घुसते. अनेक रेणू एकत्र घुसले की पटलाला गळती लागते आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींच्या पटलाची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते आणि त्यात कोलेस्टेरॉल असते, त्यामुळे त्या बऱ्याच अंशी बचावतात.

या रेणूंवाचून माणसाचे काय होते, हेही पुढे कळले. कोस्टमन रोग घेऊन जन्मलेल्या मुलांत एका जातीच्या पांढऱ्या पेशी फार कमी असतात. औषधाने त्यांची संख्या वाढवता येते, पण हिरड्यांचा आजार मात्र हटत नाही. २००२ साली याचे एक कारण पुढे आले. पेशी आल्या होत्या, पण त्यांच्यात एलएल-३७ हे पेप्टाइड जवळजवळ नव्हतेच. शिपाई हजर, पण हातात शस्त्र नाही!

एवढे प्रभावी शस्त्र औषध म्हणून का वापरू नये? मॅगेनिनवरून पेक्सिगॅनन हे मलम मधुमेहींच्या पायांच्या जखमांसाठी बनवले गेले. १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याला मान्यता नाकारली. प्रचलित औषधांपेक्षा ते सरस ठरले नव्हते. २०१६ साली नव्या चाचण्यांतही त्याला यश आले नाही.

त्याहून मोठा एक वाद याच काळात उभा राहिला. पटल हाच जिवाणूचा पाया. तो बदलणे अवघड, म्हणून या पेप्टाइडांना जिवाणू दाद देतीलच, असे झॅसलॉफ यांच्यासह अनेकांना वाटे. कॅनडातील उत्क्रांतिशास्त्रज्ञ ग्रॅहॅम बेल यांना हे पटले नाही. २००३ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह इशारा दिला. जिवाणू या औषधांना सरावले, तर ते आपल्या शरीरातल्या तशाच पेप्टाइडांनाही सरावतील. पेनिसिलीन निकामी झाले तर एक औषध जाते, इथे आपली जन्मजात ढालच जाईल.

वाद शब्दांनी मिटणारा नव्हता. प्रयोग ठरला आणि त्यात झॅसलॉफ स्वतः सामील झाले. जिवाणूंची २४ कुळे पेक्सिगॅननची मात्रा हळूहळू वाढवत वाढवली गेली. ६०० ते ७०० पिढ्यांनंतर २४ पैकी २२ कुळे औषधाला पुरून उरली. २००६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लेखकांत बेल होते, तसेच झॅसलॉफही होते. आपले मत खोटे ठरवू शकणाऱ्या प्रयोगात हात घालणे आणि निकालाखाली नाव लिहिणे, याला आम्ही वैज्ञानिक वृत्ती म्हणतो.

मग निसर्गात ही ढाल कोट्यवधी वर्षे कशी टिकली? प्राणी एकाच पेप्टाइडावर विसंबत नाहीत. बेडकाच्या कातडीत अनेक तऱ्हेची पेप्टाइडे असतात आणि ती गरजेच्या वेळी, गरजेच्या जागी सोडली जातात. माणूस नेमके उलटे करतो. एकच औषध, भरमसाट आणि सर्वत्र. कोलिस्टिन हे जिवाणूंपासून मिळणारे पेप्टाइड-औषध पशुखाद्यात सर्रास वापरले गेले. २०१५ साली चीनमध्ये त्याला दाद न देणारे, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक सापडले. भारताने २०१९ साली जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला.

शोध थांबलेला नाही. २०१५ साली पुण्यातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बहुविस्तार' नावाच्या बेडकाची नवी जात नोंदवली. २०१७ साली केरळ आणि अमेरिकेतील संशोधकांनी याच बेडकाच्या कातडीतले एक पेप्टाइड काही इन्फ्लुएंझा विषाणूंना नष्ट करते, असे दाखवले. केरळच्या लवचीक तलवारीवरून त्याचे नाव 'उरुमिन' ठेवले आहे. औषध म्हणून ते वापरात आलेले नाही.

तेव्हा झुरळाचा प्रश्न आला तर तो टाळू नये. प्रतिपिंडांच्या कितीतरी आधीपासून ही लहान पेप्टाइडे सजीवांची राखण करीत आली आहेत, असे सांगावे. फळ्यावर २४ परीक्षानळ्या काढाव्यात आणि औषधाची मात्रा थोडी थोडी वाढवत नेली तर काय होईल, याचा अंदाज मुलांना करायला सांगावा. उत्तर त्यानंतर द्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने का घेऊ नयेत आणि मनाने का सोडू नयेत, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.