विंडोज ११ अपग्रेड

वैयक्तिक संगणकावरील विंडोज १० च्या जागी विंडोज ११ बसवण्याची प्रक्रिया. फायली, प्रोग्रॅम आणि बहुतेक सेटिंग्ज यात टिकून राहतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, त्यामुळे हे अपग्रेड अनेकांना टाळता येईनासे झाले.

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक सहज पुऱ्या करतात. घोडे अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-घटकापाशी आणि चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीपाशी. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. उत्तम चालणारी सातव्या पिढीची यंत्रे त्यामुळे बाद ठरली, आणि या अटीवर झालेली टीका रास्तच आहे. टीपीएम मात्र पुष्कळदा यंत्रात असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डांवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. नवा संगणक घेण्याआधी तेवढे जरूर पाहावे.

दरमहा येणाऱ्या अपडेटमध्ये मोजक्या फायली बदलतात. अपग्रेडमध्ये अख्खी प्रणाली बदलते. डाउनलोड झाल्यावर संगणक रीस्टार्ट होतो आणि एका छोट्या, स्वतंत्र प्रणालीवर चालू लागतो. ती जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये सरकवते आणि रिकाम्या जागी नवी मांडते. पुढच्या रीस्टार्टनंतर ड्रायव्हर, मग वापरकर्त्याची खाती आणि सेटिंग्ज नव्या प्रणालीत आणली जातात. टक्केवारीचा आकडा बराच वेळ हलला नाही तरी या काळात वीज तोडू नये. लॅपटॉप चार्जरला लावूनच काम सुरू करावे.

फायली राहतात म्हणून बॅकअप टाळणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चेच १८०९ हे मोठे अपडेट आले, तेव्हा काहींच्या फायली पुसल्या गेल्या. त्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, पण काही फायली मूळ जागीच राहिल्या होत्या. अपडेटने ते मूळ फोल्डर निरुपयोगी समजून आतल्या फायलींसकट काढून टाकले. वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरात आली. असे थोड्यांच्याच वाट्याला आले. पण घरातले फोटो आणि हिशेब ज्यांचे गेले, त्यांचे नुकसान पूर्ण होते. म्हणून बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून पाहाव्यात.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद ठेवणारे एन्क्रिप्शन, चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो आणि ती नसेल तर डिस्क उघडत नाही.

नवी प्रणाली मानवली नाही तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून मागे जाता येते, पण १० दिवसांच्या आत. त्यानंतर जुनी प्रणाली आपोआप पुसली जाते. जागा मोकळी करण्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ आधीच काढून टाकले असेल, तर ही वाट त्याच वेळी बंद होते. प्रिंटर, स्कॅनर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर या मुदतीतच चालवून पाहावे.