‘ब्लेड रनर’चे दुसरे दर्शन

रिडले स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ साली पडद्यावर आला. त्यातले लॉस एंजेलिस २०१९ सालचे. नायक डेकार्ड चार वर्षांचेच आयुष्य लाभलेल्या कृत्रिम माणसांना टिपणारा. प्रेक्षकांना गोष्ट उमगेना, म्हणून स्टुडिओने त्याच्या तोंडी निवेदन घातले. अगदी आम्हा मास्तरांच्या खुलाशासारखे! मी प्रथम पाहिला तो हाच.

१९९२ च्या आवृत्तीत निवेदन गेले आणि डेकार्डला पडलेले एकशिंगी घोड्याचे स्वप्न आले. शेवटी त्याच्या दाराशी एका पोलिसाने टाकलेला कागदी एकशिंगी घोडा सापडतो. तो मी पूर्वीही पाहिला होता अन् विसरलो होतो. आता मात्र दचकलो. परक्याला हे स्वप्न ठाऊक कसे? म्हणजे डेकार्डही घडवलेलाच? स्कॉट म्हणतात, होय. हॅरिसन फोर्ड कित्येक वर्षे म्हणत होते, तो माणूसच. मी फोर्डच्या बाजूचा; घरची मंडळी स्कॉटच्या.